‘गिअर घसरतो’ या तक्रारीचे निदान

सुटीच्या दिवशी पहाटे रोडपाली-कळंबोलीहून पनवेलमार्गे खोपोलीकडे आणि तेथून बोर घाटाकडे जाणारे सायकलस्वार दृष्टीस पडतात. द्रुतगती महामार्गाचा आरंभ कळंबोलीलाच होत असला, तरी त्यावर सायकलींस मज्जाव असल्याने ही मंडळी जुन्या रस्त्याने जातात. त्यांच्या सायकली रोड बाइक या जातीच्या, म्हणजे हलक्या, अरुंद टायरच्या आणि अनेक गिअरांच्या असतात. त्या दुरुस्तीस नेल्या म्हणजे दुकानदाराच्या कानी बहुधा एकच वाक्य पडते : ‘गिअर घसरतो.’

हे वाक्य ऐकण्यास सोपे असले, तरी त्याच्या पोटात निदान पाच निरनिराळे बिघाड दडलेले असतात. व्यवसायबोलीचा अभ्यास करणाराला शब्दाइतकीच वस्तूही ठाऊक असावी लागते. म्हणून हा विषय या पत्रिकेत अस्थानी ठरू नये. शिवाय येथील संदिग्धता केवळ शास्त्रीय नाही. तळोजे येथील कारखाने आणि कळंबोलीचा पोलाद बाजार यांमुळे या भागात अवजड वाहनांची वर्दळ मोठी आहे. चढावर सायकलस्वार पेडलवर उभा राहून जोर देत असता साखळी सटकली, तर पाय एकाएकी खाली जातो आणि शरीर हँडलवर आदळते. अशा क्षणी मागून ट्रक येत असेल, तर काय होईल हे सांगावयास नको.

प्रथम साखळीची झीज म्हणजे काय ते पाहू. ‘चेन ताणली’ असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु पोलादाच्या पट्ट्या ताणून लांब झालेल्या नसतात. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीचा आतील पट्टीचा भाग परस्परांवर घासून झिजतात व सांधा सैल होतो. साखळीच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मि.मी. असते. प्रत्येक सांध्यात केसभर भर पडली, तरी 108 कड्यांच्या साखळीत अर्धा टक्का झीज म्हणजे जवळजवळ 7 मि.मी. लांबी होते. दातेरी चक्रांचे दाते मात्र मूळ अंतरावरच असल्यामुळे लांबलेली साखळी दात्यांच्या बुडाशी न बसता वर चढून बसते आणि त्यांची एक बाजू खाऊ लागते.

ही झीज साध्या फूटपट्टीने मोजता येते. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवावा. नव्या साखळीत तेथून चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे असेल, तर झीज सुमारे अर्धा टक्का झाली असे समजावे. मागील चाकावर 11 वा 12 चक्रे असलेल्या सायकलीची साखळी याच वेळी बदलणे इष्ट; 10 वा त्याहून कमी चक्रे असल्यास पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते. पिन इंचाच्या अष्टमांशाने पुढे गेली असेल, तर मागील चक्रांचा संच, ज्यास कॅसेट म्हणतात, तोही बहुधा निकामी झालेला असतो.

येथे एक विपरीत वाटणारी गोष्ट घडते. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरल्यावर प्रस्तुत लेखकाने झिजलेली साखळी काढून नवी बसवून घेतली. जुन्या साखळीवर कधीही न घसरलेली सायकल त्याच दिवशी उड्डाणपुलाच्या चढावर घसरू लागली. दोष नव्या साखळीचा असावा, अशी त्याची खात्री झाली होती. ती चुकीची होती. जुनी साखळी आणि जुने दाते एकत्रच झिजल्यामुळे एकमेकांस सांभाळून घेत होते. नव्या साखळीचे नेमके अंतर त्या खाल्लेल्या दात्यांशी जुळेना. साखळी वेळीच बदलली असती, तर कॅसेट वाचली असती.

आता निदानाची पद्धत. एखादा ध्वनी कोणत्या परिसरात येतो हे तपासून भाषाभ्यासक त्याचे स्थान ठरवितो. तेव्हा बाकी सर्व कायम ठेवून तो एकच घटक बदलून पाहतो. येथेही तसेच करावे.

पहिला प्रश्न दिशेचा. साखळी आडवी सरकून आपोआप शेजारच्या चक्रावर जाते, की त्याच चक्रावर दाता ओलांडून पुढे उडी मारते? आडवी सरकत असेल, तर दोष बहुधा झिजेचा नसून तारेच्या ताणाचा असतो. साखळी मोठ्या चक्रावर चढण्यास कुचरत असेल, तर सामान्यतः तार सैल असते. लहान चक्रावर उतरण्यास कुचरत असेल, तर तार अधिक ताणलेली असते किंवा आवरणात गंजून अडकत असते. ताण बदलण्याची गुंडी एका वेळी पाव फेराच फिरवावी आणि परिणाम पाहावा. एका टोकाची चक्रे जुळली की दुसऱ्या टोकाची बिघडत असतील, आणि सायकल पूर्वी उजव्या बाजूवर पडलेली असेल, तर डिरेलर ज्या कानावर टांगलेला असतो तो वाकला असावा, असा संशय घ्यावा.

दुसरा प्रश्न चक्राचा. केवळ नेहमीच्या वापरातील एकदोन चक्रांवर आणि जोर दिल्यावरच उडी बसते काय? तसे असेल, तर ती चक्रे झिजली आहेत.

तिसरा प्रश्न आवर्तनाचा. उडी ठराविक अंतराने बसते काय? पेडलांच्या प्रत्येक फेऱ्यास बसत असेल, तर पुढील मोठ्या चक्राचा एखादा दाता वाकलेला असावा. 108 कड्यांची साखळी 50 दात्यांच्या चक्रावरून एकदा पूर्ण फिरण्यास दोनांहून किंचित अधिक फेरे लागतात. उडी त्या अंतराने येत असेल, तर एखादी कडी ताठरली आहे असे समजावे. पेडल हळूहळू उलटे फिरविले, तर ती कडी डिरेलरमधून जाताना उचकताना दिसते.

चौथा प्रश्न साखळी खरोखर सरकते का, हा. ती दात्यांवर घट्ट बसलेली असून सर्व गिअरांत पेडल एकाएकी रिकामे फिरत असेल, तर मागील चाकाच्या तुंब्यातील खटके धरत नाहीत. दुकानांतून त्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. अशी सायकल दुरुस्त होईपर्यंत चालवूच नये.

कोकणपट्टीच्या पावसात वंगण धुऊन जाते, आणि उरलेल्या तेलात धूळ मिसळून तिचा घासणारा लेप बनतो. म्हणून भिजून आल्यावर साखळी पुसून कोरडी करावी, सांध्यांत थेंब थेंब वंगण सोडावे आणि बाहेरील जादा तेल पुसून टाकावे. बाहेर राहिलेले तेल पुन्हा धूळच धरते.

दुकानी जाताना ‘गिअर घसरतो’ एवढेच न सांगता कोणत्या चक्रावर, किती जोर दिल्यावर आणि किती फेऱ्यांनी, एवढे तीन तपशील सांगावेत. दुरुस्तीचे निम्मे काम तेथेच होते, आणि चांगला सुटा भाग विनाकारण बदलला जात नाही.