हातचं राखून लावलेलं मलम

रात्री दोन वाजता मूल झोपेतच कोपराच्या खळीत खाजवत असतं. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली ट्यूब कपाटातच असते, पण सहा महिन्यांत ती निम्मीही संपलेली नसते. "स्टेरॉइड आहे ना त्यात, म्हणून जपून लावते," आई सांगते. आजीचं म्हणणं, "सवय लागेल बाळाला, खोबरेलच लाव." लहान मुलांचं इसब असलेल्या कितीतरी घरांत हे असंच चालतं. या काळजीमागे माया आहे, पण तिच्यापायी मुलाची खाज लांबते.

इसबात त्वचेचं कवच कच्चं असतं. अनेक मुलांत त्याचं कारण आनुवंशिक असतं. त्वचेच्या वरच्या थराला बळकटी आणि ओलावा देणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध 2006 साली उघड झाला. कवच कच्चं असलं की पाणी उडून जातं, त्वचा भेगाळते, बाहेरचे कण आत शिरतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा चवताळते. मग खाज सुटते. खाजवल्याने कवच आणखी फाटतं. हे चक्र थांबवायचं तर आतला दाह शमवावा लागतो.

स्टेरॉइड मलम हेच काम करतं. 'स्टेरॉइड' हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे. व्यायामशाळेत चोरून घेतली जातात ती स्टेरॉइड्स वेगळ्या शाखेची. मलमातलं हायड्रोकॉर्टिसोन मात्र आपल्या अधिवृक्क ग्रंथी रोज तयार करतात तेच रसायन आहे. त्याचं मलम इसबावर गुणकारी ठरतं, हे सुल्झबर्गर आणि विटन यांनी 1952 मध्ये दाखवलं. पुढे याच शाखेत खूप तीव्र औषधं आली. क्लोबेटासोल हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे 600 पट तीव्र मानलं जातं. म्हणून ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे एवढं कळून भागत नाही, ते कोणतं हे पाहावं लागतं.

दुष्परिणाम खोटे नाहीत. तीव्र मलम चेहऱ्यावर, जांघेत किंवा डायपरखाली दीर्घकाळ लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. पण वय आणि जागा पाहून दिलेलं सौम्य किंवा मध्यम मलम ठरलेले दिवस लावलं तर हा धोका फार कमी असतो. उलट, चिमूटभर लावून दोन दिवसांत थांबवलं की लाली तेवढी फिकटते, दाह आत तसाच राहतो. आठवड्याभरात चट्टा पुन्हा उठतो, पुन्हा ट्यूब निघते. औषध वाचत तर नाहीच, दुखणं मात्र लांबतं.

मग किती लावायचं? माप आपल्याच हातावर आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक सरळ ओळ काढा. हे झालं सुमारे अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या त्वचेला तेवढं पुरतं. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या एका अख्ख्या हाताला, पंजासकट, साधारण दीड पेर लागतं. याबरोबर साधं मॉइश्चरायझर रोज, सढळ हाताने लावायचं, त्वचा बरी दिसत असतानाही.

भीती बाळगायचीच असेल तर ती दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबची बाळगावी. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली मलमं आपल्याकडे नायट्यापासून गोरेपणापर्यंत कशावरही चोपडली जातात. त्यांनी नायटा चिघळतो, चेहरे कायमचे खराब होतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड्स 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. घरात मोठ्यांच्या नायट्यासाठी आणलेली ट्यूब बाळाला कधीही लावू नका.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कुठे लावायचं, किती पेरं आणि किती दिवस. उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि मग सांगितलं असेल तेवढं, हात आखडता न घेता लावा.