पंचवटी : लेखनाध्यापनाचे एक क्षेत्र
(निसर्ग, स्वत्व आणि समाजसेवा यांच्या अनुषंगाने)

महाविद्यालयीन पातळीवर साहित्याचे अध्यापन जितक्या गांभीर्याने होते, तितक्या गांभीर्याने लेखनाचे होत नाही. कविता शिकवली जाते, निबंध मात्र 'लिहून आणा' असे सांगितले जाते. विद्यार्थी तो बाजारातल्या मार्गदर्शिकेवरून उतरवतो आणि प्राध्यापक त्यावर गुण देतो. या व्यवहारात लिहिणाऱ्याने काही पाहिलेले नसते, त्याला काही सांगायचे नसते आणि परीक्षकाखेरीज वाचकही नसतो. विद्यार्थ्यांची भाषा 'कच्ची' असल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते; परंतु या तीन उणिवा दूर झाल्याखेरीज ती भाषा पक्की कशी व्हावी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

निसर्ग, स्वत्व आणि समाजसेवा हे तीन विषय अभ्यासक्रमात नाहीत असे नव्हे. पण निसर्ग वर्णनात्मक निबंधात, स्वत्व आत्मचरित्राच्या अभ्यासात आणि समाजसेवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिर-अहवालात, अशी त्यांची वाटणी झालेली आहे. या वाटणीमुळे तिन्ही पोकळ होतात. माणसांविना निसर्ग हा शब्दालंकार होतो, स्थळाविना स्वत्व ही घोषणा होते आणि स्वतःच्या स्थानाची जाणीव नसलेली सेवा हा उपकार ठरतो. हे तिन्ही एकाच लेखनकृतीचे घटक आहेत, हे नाशिकच्या पंचवटीच्या उदाहरणावरून स्पष्ट करता येते.

१. स्थळ पाहणे

गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटी पुराणकथेमुळे सर्वपरिचित आहे. हा परिचयच लेखनाच्या आड येतो. 'पवित्र गोदामाई', 'निसर्गरम्य तपोवन' हे शब्दप्रयोग इतके तयार असतात, की पाहण्याची गरजच उरत नाही. म्हणून पहिला पाठ विशेषणे वर्ज्य करण्याचा असावा. रामकुंडाजवळ तासभर बसून दिसेल, ऐकू येईल तेवढेच नोंदवायचे : पाणी कुठून कुठे वाहते, घाटाची कोणती पायरी ओली आहे, अस्थिविसर्जनास आलेले कुटुंब कोणाशी बोलते, बुधवारच्या बाजारात कोण कुठे बसते.

मराठी गद्याला ही शिस्त परकी नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' चक्रधरांच्या वास्तव्याची ठिकाणे दिशांसह, देवळांच्या दारांसह नोंदवते. तिथे स्थळाविषयीची भक्ती विशेषणांतून नव्हे, तर अचूकपणातून व्यक्त होते. आधुनिक काळात दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'तील (१९५६) ललितरम्यताही बारीक निरीक्षणावरच उभी आहे. हे दोन ग्रंथ एकत्र वाचून घेतल्यास नोंद आणि लालित्य यांत वैर नाही, हे विद्यार्थ्यास उमगते.

निरीक्षणाबरोबर स्थानिक भाषाही हाती लागते. नाशिककर नदीला सर्रास 'गंगा' म्हणतो आणि 'गंगेवर' जातो. पुराची पातळी तो फुटांत मोजत नाही; दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की कमरेला की गळ्याला, यावरून मोजतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांत शहराचे लक्ष याच मूर्तीकडे लागले होते. अशा एका शब्दप्रयोगात नदी, श्रद्धा आणि धोक्याची सूचना एकत्र आलेली असते. तो टिपणारा विद्यार्थी निसर्गवर्णन करता करता समाजापर्यंत येऊन पोहोचतो. कुंडांच्या तळाचे काँक्रीट आणि त्याखाली बुजलेले झरे यांविषयी नाशिकमधील नदीप्रेमींनी दीर्घकाळ आवाज उठवला आहे. त्यामुळे पाण्याविषयीची साधी नोंदही इथे केवळ नोंद राहत नाही.

२. पाहणारा कोण?

रामकुंडापासून थोड्याच अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड हे त्याचे प्रमुख संघटक होते. अनेक टप्प्यांत हा लढा पुढची काही वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

एवढी माहिती मिळाल्यावर आधीची नोंद पुन्हा वाचायला सांगावी. तीत मंदिराचे दार 'भव्य' वाटले असेल, तर ते कोणाला वाटले? ज्याचे पणजोबा त्या दारातून नित्य ये-जा करीत त्याला, की ज्याचे पणजोबा दाराबाहेर बसून होते त्याला? वर्णनातील 'आपण' हे सर्वनाम कोणाकोणाला सामावून घेते, हा प्रश्न व्याकरणाचा वाटला तरी मुळात तो सामाजिक आहे. लेखनातील 'मी' म्हणजे आत्मकथनाची हौस नव्हे. आपण कोठे उभे राहून पाहत आहोत, याची ती प्रामाणिक नोंद असते.

या नोंदीची परंपरा मराठीत विद्यार्थ्याच्याच लेखणीने सुरू होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. तो शाळेतील लेखन होता आणि त्याला शाळेबाहेरचा वाचक होता. नाशिकजवळच्या विहितगावी जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) हा संग्रह याच प्रवाहातील पुढचा टप्पा होय. आंबेडकरांनी गायकवाडांना लिहिलेली पत्रेही अभ्यासावीत. १९३४ मधील पत्रात मंदिरप्रवेशाचा आग्रह मूर्तिपूजेसाठी नव्हता, दलितांना जागे करण्यासाठी होता, असे ते स्पष्ट करतात. एखाद्या कृतीचा हेतू तिच्यात सहभागी झालेल्यांना नेमक्या शब्दांत कसा सांगावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

येथे अध्यापकाने एक पथ्य कटाक्षाने पाळावे. 'स्वतःची ओळख लिहा' असे म्हणताच वर्गातील दलित, आदिवासी वा भटक्या समाजातील विद्यार्थ्याने आपले दुःख उघडे करावे आणि इतरांनी ते वाचून सद्गदित व्हावे, अशी अपेक्षा नकळत निर्माण होते. ती अन्यायकारक आहे. कोणालाही जात सांगण्यास भाग पाडू नये. त्याऐवजी सर्वांना एकच प्रश्न द्यावा : या ठिकाणी तुमच्या घरातील कोण, कधी, कशासाठी आले आणि कोणत्या वाटेने? उत्तरात काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे, हे लिहिणाऱ्याच्या हाती राहते. शिवाय ज्याला आजवर 'ओळख' असल्याचे जाणवलेच नव्हते, त्यालाही ती शोधावी लागते.

३. कोणासाठी लिहायचे?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या शिबिरांनी पुष्कळ काम केले. तिचे अहवाल मात्र बहुधा एकाच साच्याचे असतात. 'विद्यार्थ्यांनी श्रमदान केले, ग्रामस्थांनी कौतुक केले' या वाक्यांत सेवा करणारा ठळक दिसतो आणि ज्याच्यासाठी सेवा केली तो पुसट होतो. म्हणून सेवेविषयी लिहिण्याऐवजी लेखन हीच सेवा मानावी. असे केले की वाचक बदलतो आणि वाचक बदलला की भाषा बदलते.

तपोवनाचे उदाहरण घ्यावे. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारताना तेथील १७०० हून अधिक झाडे हटवण्याच्या प्रस्तावावर नोव्हेंबर २०२५ मध्ये महापालिकेने हरकती मागवल्या. अनेक नागरिकांनी त्या लेखी दिल्या आणि मोठा जनक्षोभ उसळला. 'हरकत' हा लेखनप्रकार कोणत्याही निबंधमालेत नाही. पण तो लिहायचा तर झाड कोणते, कोठे, किती जुने हे पाहावे लागते. हरकत घेणारा कोण आणि त्याचा संबंध काय हे सांगावे लागते. आणि ज्याला उत्तर देणे भाग आहे अशा अधिकाऱ्याला उद्देशून मुद्दा मांडावा लागतो. निसर्ग, स्वत्व आणि समाज हे तिन्ही त्या एका पानात येतात. विद्यार्थ्याचे मत झाडांच्या बाजूनेच असावे, असा आग्रह मात्र नसावा. साधूंच्या निवासाची गरजही खरी आहे. ती मांडणारे निवेदन तितक्याच पुराव्यानिशी लिहिता आले पाहिजे. एकाच विद्यार्थ्याकडून दोन्ही बाजू लिहवून घेतल्यास घोषणा आणि युक्तिवाद यांतील अंतर त्याला आपोआप कळते.

दुसरे उदाहरण पुराचे. पाणी ओसरल्यावर घाटावरच्या टपरीवाल्याला पंचनाम्यासाठी अर्ज हवा असतो. तो लिहून देताना विद्यार्थ्याने आपली भाषा दुसऱ्याच्या तोंडी घालू नये. टपरीवाला जसे सांगतो तसे ऐकावे, लिहावे, वाचून दाखवावे आणि त्याने 'असं नव्हे' म्हटले की खोडावे. ही खाडाखोड म्हणजे लेखनाचा खरा वर्ग. प्राध्यापकाच्या लाल शाईने जे साधत नाही, ते त्या नकाराने साधते.

४. काही मर्यादा

शंभरावर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे सारे करणे अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु वर्षाकाठी दहा निबंधांऐवजी एकच लेखन तीनदा करवून घेता येईल : आधी स्थळाची नोंद, मग पाहणाऱ्याच्या स्थानासह तिचे पुनर्लेखन, शेवटी प्रत्यक्ष वाचकासाठी अर्ज, हरकत वा निवेदन. मूल्यमापनही अंतिम प्रतीचे न करता तीन खर्ड्यांमध्ये काय बदलले याचे करावे. असे केल्यास मार्गदर्शिकेवरून उतरवण्याचा प्रश्नच उरत नाही. कारण कमरेपर्यंत बुडालेला दुतोंड्या मारुती आणि टपरीवाल्याचे 'असं नव्हे' कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडत नाही.

प्रत्येक गावाला त्याची पंचवटी असते. कोठे ती नदी असेल, कोठे गायरान, कोठे गिरणीची बंद चाळ. तिथले कोणते दार कोणासाठी बंद होते आणि आज कोणाचा अर्ज लिहायचा राहिला आहे, एवढे दोन प्रश्न विचारले तरी लेखनाच्या तासाला प्रारंभ होऊ शकतो.