उतारापूर्वीचा गियर

मागील हिवाळ्यात आम्ही उभयता तोरणमाळला गेलो होतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, हजार मीटरहून अधिक उंचीवर वसलेले हे गाव. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथांचे मंदिर हे सारे पाहून दुपारी शहाद्याच्या एस.टी.त बसलो. तीव्र उतार लागण्यापूर्वीच चालकाने वेग कमी करून खालचा गियर टाकला. शहाद्यास उतरल्यावर मी त्यांना त्याचे कारण विचारले. ते म्हणाले, "साहेब, उतार लागल्यावर गियर शोधायचा नसतो. नुसत्या ब्रेकवर घाट उतरवला तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात."

हे ऐकताच मला नोव्हेंबर २०१६ आठवला.

८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. ९ तारखेला बँका ग्राहकांसाठी बंद होत्या. १० तारखेपासून दारात रांगा लागल्या. मी तेव्हा खानदेशातीलच एका शाखेचा व्यवस्थापक होतो. नोटा बदलून देण्याची मर्यादा प्रथम ४,००० रुपये, मग ४,५००, पुढे २,००० अशी बदलत गेली आणि प्रत्येक बदलाचा राग काउंटरवरील माणसाला सोसावा लागला. त्या आठवड्यात शनिवार-रविवारचीही सुट्टी नव्हती.

शनिवारी, १२ तारखेच्या रात्री रोकड जुळेना. ५०,००० रुपये कमी भरत होते. मी सर्वांसमोर आमच्या तरुण रोखपालावर ओरडलो. तो एक शब्दही बोलला नाही, केवळ त्याचे हात थरथरू लागले. तासाभराने उलगडा झाला. हजाराच्या शंभर नोटांचे एक पाकीट पाचशेच्या पाकिटांत मोजले गेले होते. तो ढीग मी स्वतः मोजला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. तीन दिवस मी केवळ ब्रेकवर गाडी चालवीत होतो. राग दाबत होतो, भूक दाबत होतो, थकवा दाबत होतो. अखेर ब्रेक तापले आणि त्याची झळ एका निरपराध मुलाला बसली.

रविवारी सकाळी शाखा उघडण्यापूर्वी मी सर्वांसमोर त्याची क्षमा मागितली. मग आम्ही काही साधे नियम ठरविले. दर दोन तासांनी रोकड जुळवायची, म्हणजे चूक झालीच तर दोन तासांतच शोधावी लागेल. जेवणासाठी पाळीपाळीने उठायचेच. ग्राहक कितीही चिडला तरी त्याचे बोलणे पूर्ण ऐकायचे आणि उत्तर एक पट्टी खालच्या आवाजात द्यायचे. फरक आढळला तर शोध स्वतःच्या टेबलापासून सुरू करायचा. रांगा पुढेही कमी झाल्या नाहीत, पण शाखेत पुन्हा कोणी कोणावर ओरडले नाही.

आपल्या घरांतही असे घाट येतात. दिवाळीची गर्दी, मार्चअखेर, जीएसटी विवरणपत्राची शेवटची तारीख, अडकलेली उधारी. यांतील बहुतेक उतार दिनदर्शिकेवर आधीच दिसतात. विवरणपत्र २० तारखेला भरायचे असेल तर बिले १० तारखेपर्यंत लावून ठेवता येतात. गर्दीच्या दिवशी गल्ला एकानेच सांभाळावा, हे सकाळीच ठरविता येते. आणि जे संकट न सांगता येते, त्याच्यासाठी श्वास आहे. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती मंदावते. तेवढ्या अवकाशात जिभेवर आलेला कठोर शब्द मागे घेता येतो.

सामायिकाची ४८ मिनिटे मी पूर्वी सवड मिळेल तेव्हा करीत असे. त्या नोव्हेंबरपासून ती सकाळी, दिवस सुरू होण्यापूर्वी करतो. समतेचा सराव शांत वेळी केला असेल तरच ती अडचणीत हाताशी येते, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर उमगले. एस.टी.चे ते चालक मात्र रोज घाट उतरताना तेच आचरीत होते.

तो रोखपाल आज स्वतः एका शाखेचा व्यवस्थापक आहे. दर संवत्सरीला त्याचा फोन येतो. क्षमा तो मागतो, आणि मला ती रात्र आठवते.