रोजची गाडी आणि ऑटोक्रॉस: सस्पेन्शनमध्ये आधी काय बदलावं?

फेरी एका मिनिटाची, पण गाडीला विसावा नाही

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी कोन मांडून आखलेला वळणावळणाचा मार्ग. एका वेळी एकच गाडी सुटते आणि तिची लढत फक्त घड्याळाशी असते. फेरी अर्ध्या मिनिटापासून सव्वा मिनिटापर्यंतची, आणि तीही बहुतेक दुसऱ्या गिअरमध्येच संपते. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ हा खेळ ‘सोलो’ या नावाने चालवतो. तिथे एक कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. आपल्याकडे मोटर स्पर्धांची राष्ट्रीय संघटना एफएमएससीआय आहे. भारतातल्या बऱ्याच ऑटोक्रॉस मातीवर होतात. तिथे गाडीला लवचीकपणा आणि चाकाला भरपूर वर-खाली जागा लागते. इथे मी डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानाचाच विचार करतो आहे, आणि तोही सोमवारी त्याच गाडीने ऑफिस गाठायचं आहे असं धरून.

या खेळात वेग फार नसतो, पण गाडी कधी स्थिर होत नाही. डावं वळण संपायच्या आत उजवं सुरू होतं. वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला किती लवकर आणि किती शिस्तीत जातं, यावर वेळ ठरते. सस्पेन्शनवर खर्च करताना हाच निकष धरावा. गाडी खाली बसलेली दिसते का, हा निकष नव्हे.

उदाहरणासाठी २०१८ ची स्विफ्ट घेऊ. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. पोलो, बलेनो, आय-ट्वेंटी यांची रचनाही अशीच असल्यामुळे पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं.

आधी मूळ गाडी नीट करा

साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे शॉकअप थकलेले असतात, लोअर आर्मचे बुश चिरलेले असतात आणि लिंक रॉड खडखडत असतात. अशा गाडीला महागडी स्प्रिंग लावली तर स्टिअरिंगमधला ढिलेपणा जागच्या जागीच राहतो. बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटचं वरचं माउंटिंग आणि लिंक रॉड बदलून घ्यावेत. त्यानंतर गाडी चालवून पाहिल्यावर अनेकांना पुढचा अर्धा खर्च अनावश्यक वाटेल.

टायर

रस्त्याला टेकलेली वस्तू एकच, त्यामुळे इथे वाद नाही. टायरच्या बाजूला छापलेला ट्रेडवेअरचा आकडा जितका कमी, तितकं रबर सहसा मऊ, चिकट आणि लवकर झिजणारं. अमेरिकेतल्या सोलोच्या ‘स्ट्रीट’ गटात हा आकडा २०० च्या खाली चालत नाही. आपल्या छोट्या मापांत असे टायर शोधावे लागतात. पण निव्वळ चांगल्या प्रतीचा, उन्हात कडक न झालेला टायरही मोठा फरक पाडतो. १८५/६५ आर१५ च्या जागी १९५/६० आर१५ घातला तर चाकाचा व्यास सुमारे एक टक्काच बदलतो. १७ इंची रिम मात्र टाळावी. तिचं वजन जास्त, टायरची बाजू बुटकी, आणि पहिल्या खोल खड्ड्यात रिम वाकायची भीती.

वळणावर वजन किती सरकतं

थोडं गणित करू, कारण बाजारातले निम्मे गैरसमज इथेच आहेत. चालकासह गाडीचं वजन ९५० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर वर आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर दीड मीटर धरा. वळणावर गाडीवर ०.९ जी इतकं आडवं त्वरण आलं, तर आतल्या चाकांवरचं सुमारे ३१० किलो वजन बाहेरच्या चाकांवर जातं. हा आकडा वजन, त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधली रुंदी यांवर ठरतो. कडक स्प्रिंग किंवा जाड अँटी-रोल बार (गाडीचा कल रोखणारी आडवी सळी) यांनी तो कमी होत नाही. गाडी कलताना दिसली नाही तरी वजन सरकलेलंच असतं.

गाडी २५ मिलिमीटर खाली बसवली तर त्या ३१० किलोंपैकी फार तर १४ किलो वाचतात.

मग सस्पेन्शन करतं काय? सरकणाऱ्या वजनातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, हे ते ठरवतं. वजन किती वेगाने सरकेल, तेही ठरवतं. शिवाय गाडी कलली तरी टायर रस्त्यावर सपाट ठेवतं. जे सुटे भाग या तीन कामांत मदत करतात, त्यांवर पैसे घालवावेत.

गाडी खाली बसवण्याचा मोह

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये लोअर आर्म सहसा आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली घेतली की तो चाकाच्या बाजूला वर चढतो. त्यामुळे रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो बिंदू, बॉडीपेक्षाही जास्त खाली घसरतो. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर वाढतं. हे अंतर म्हणजेच गाडीला कलवणारी तरफ. स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर खाली बसवलेली गाडी मूळ गाडीपेक्षा जास्त कलते. त्यातच आर्म वर चढलेला असल्यामुळे सस्पेन्शन दबताना चाकाला मिळणारा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आतल्या बाजूला झुकणं, घटतो आणि बाहेरचा टायर आपल्या कडेवर उभा राहतो.

दुसरी अडचण जागेची. शॉकअपच्या दांड्यावर बंप स्टॉपचा रबर असतो. मूळ शॉकअपवर आखूड स्प्रिंग घातली की शॉकअपची नळी आणि रबर यांच्यातली मोकळी जागा जवळपास संपते. वळणात बाहेरचं पुढचं चाक त्या रबरावर जाऊन बसतं, तिथला कडकपणा एका झटक्यात कित्येक पट होतो आणि गाडीचं नाक सरळ बाहेर जाऊ लागतं. चालकाला वाटतं टायरने दगा दिला.

आता आपले रस्ते बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडेल. गल्लोगल्ली जे उंचवटे आहेत, त्यांचा या मानकाशी काही संबंध नाही. स्विफ्टला जमिनीपासून १६३ मिलिमीटर जागा आहे. त्यातून ३० गेले, चार माणसं बसल्यावर आणखी थोडी गेली, तर रोजच्या वाटेवर पोट घासणार. स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली घेण्याचा उद्योग कोणीही करू नये. कापलेलं टोक खोबणीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

स्प्रिंग किती कडक चालेल

स्प्रिंगचा कडकपणा ‘किलो प्रति मिलिमीटर’ या आकड्यात सांगतात, पण दोन गाड्यांची तुलना त्याने होत नाही. त्याऐवजी बॉडी सेकंदाला किती वेळा वर-खाली डोलते, ती वारंवारिता बघावी. साध्या गाडीत ती सव्वा-दीड हर्ट्झच्या आसपास असते, रस्त्यावरच्या कडक स्पोर्ट्स कारमध्ये दोनपर्यंत जाते. १.३ वरून २ हर्ट्झवर जायला स्प्रिंग जवळपास २.४ पट कडक लागते, कारण हे प्रमाण वर्गाचं आहे. खरा फटका पुढे आहे. १.३ हर्ट्झला चाकापाशी मोजलं तर सस्पेन्शन गाडीच्या वजनाने सुमारे १५ सेंटिमीटर दबलेलं असतं. २ हर्ट्झला फक्त सहा. म्हणजे चाकाखाली खड्डा आला तर स्प्रिंग चाकाला सहा सेंटिमीटरच खाली ढकलू शकते, त्यापुढे चाक अधांतरी राहतं. फुटलेल्या डांबरावर ब्रेक मारताना याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. रोजच्या गाडीला मूळ स्प्रिंगपेक्षा ३० ते ५० टक्के कडक, पण उंची जवळपास तीच ठेवणारी स्प्रिंग ही माझ्या मते वरची मर्यादा. पहिल्या हंगामात मूळ स्प्रिंगच ठेवावी.

शॉकअप: इथे हात आखडू नका

स्प्रिंग गाडीला तोलून धरते, शॉकअप तिची हालचाल आवरतो. कोनांच्या रांगेतून डावी-उजवी करताना गाडी सतत एका कलातून दुसऱ्या कलात जात असते, आणि त्या मधल्या क्षणांवर ताबा शॉकअपचा. म्हणूनच सोलोच्या ‘स्ट्रीट’ गटात स्प्रिंग मूळचीच ठेवावी लागते, तरी शॉकअप बदलता येतात आणि मुरलेले स्पर्धक सगळ्यात जास्त पैसे त्यांवरच लावतात.

चांगला शॉकअप म्हणजे नुसता कडक शॉकअप नव्हे. गाडी कलते किंवा ब्रेकने नाक दाबते, तेव्हा त्याच्या दांड्याचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आत असतो. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळतं, तेव्हा तोच वेग अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त होतो. सावकाश हालचालीला घट्ट धरणारी आणि झटक्याला आतली झडप उघडून वाट देणारी रचना असेल तर एकच शॉकअप मैदानावरही चालतो आणि रोजच्या रस्त्यावरही. स्वस्त कडक शॉकअप दोन्हीकडे सारखाच विरोध करतो, म्हणून पाठ दुखते आणि चाक रस्त्यावरून उडतं.

बिल्स्टीनची बी-सिक्स मालिका मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आहे, तर बी-एट खाली बसवलेल्या गाडीसाठी, तिचा दांडा आखूड असतो. कोनीच्या पिवळ्या ‘स्पोर्ट’ शॉकअपमध्ये रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडतानाचा विरोध, कमी-जास्त करता येतो. प्रत्येक गाडीसाठी हे मिळतीलच असं नाही. दुकानदार ‘बसतो’ म्हणाला तरी दांड्याची लांबी आणि माउंटिंग मूळ भागाशी ताडून पाहावं. रिबाउंड आवळताना बेतानेच आवळावं. तो फार झाला तर एकामागून एक खड्डे आल्यावर चाक परत खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू खाली खाली दबत जाते.

उंची कमी-जास्त करता येणाऱ्या कॉइलओव्हरच्या जोड्या दिसायला आकर्षक असतात. पण त्याच पैशात स्प्रिंग, आटे, माउंटिंग सगळंच बसवायचं म्हटल्यावर काटकसर होते ती आतल्या झडपांत. पावसाळ्यातल्या चिखलाने आटे धरले की उंची बदलता येण्याचा फायदाही उरत नाही.

मागचा बार: थोडं धाडस, थोडा धोका

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा स्वभाव म्हणजे वळणात नाक बाहेर जाणं. मागच्या बीमला अँटी-रोल बार जोडला की सरकणाऱ्या वजनाचा मोठा वाटा मागची चाकं उचलतात, पुढच्या टायरांवरचा भार हलका होतो आणि गाडी सहज वळते. पुढचं आतलं चाकही कमी फिरकतं. वळणात मागचं आतलं चाक जमिनीवरून उचललेलं दिसेल. या प्रकारच्या गाडीत ते स्वाभाविक आहे. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० ऐवजी २२ मिलिमीटरचा भरीव बार म्हणजे सुमारे ४६ टक्के जास्त कडक. दोन मिलिमीटर म्हणजे किरकोळ फरक असं समजू नये.

धोका पावसात आहे. ओल्या घाटात, उतारावरच्या वळणात दचकून ॲक्सिलरेटर सोडला तर कडक मागच्या बाराची गाडी मागून सुटते. म्हणून ज्या बाराला दोन-तीन भोकं असतात तोच घ्यावा, आणि जूनपासून तो सर्वांत मऊ भोकावर ठेवावा. गाडी घरातली इतर माणसंही चालवत असतील तर हा भाग मी घालणार नाही.

कॅम्बर आणि टो

रुपयामागे सर्वांत जास्त फायदा इथे आहे. मॅकफर्सन गाडीला पुढे निगेटिव्ह कॅम्बर अपुरा असतो. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घातला तर दीड अंशाच्या आसपास मिळतो. रोजच्या वापराला उणे दीड अंश पुढच्या चाकांना चालतो. मैदानावर अडीच-तीन अंश उपयोगी ठरतात, पण त्यासाठी वरची कॅम्बर प्लेट लागते आणि तिचा आवाज गाडीत येतो. टायरच्या आतल्या कडेची झीज लोक कॅम्बरच्या माथी मारतात. बहुतेकदा ती चुकलेल्या टोमुळे, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असल्यामुळे, होते. कॅम्बर बदलला की टोही बदलतो, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी, तीही चालकाच्या वजनाइतका भार सीटवर ठेवून.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलात बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. मूळ उंची ठेवून बदललेला शॉकअप आणि जमिनीला टेकवलेली गाडी यांत फरक आहे, पण काय बसवलं ते विमा कंपनीला लेखी कळवावं. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत स्पर्धेत झालेलं नुकसान धरलेलं नसतं, हेही लक्षात ठेवावं.

स्पर्धेच्या दिवशी

फेऱ्यांच्या मध्ये एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा: टायरचा दाब, शॉकअपचा विरोध बदलणाऱ्या खटक्यांचा आकडा, वेळ. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढली की टायर किती कलतोय ते पुसलेल्या रेघेवरून कळतं. रेघ खांद्याच्या खालपर्यंत पुसली गेली तर दाब थोडा वाढवा. घरी निघण्याआधी शॉकअप रस्त्याच्या खटक्यावर परत आणा, टायर थंड झाल्यावर दाब दारावरच्या चिठ्ठीप्रमाणे करा आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा.