गावचा देव, देशाचा पाहुणा

आपल्या गावच्या मैफिली गाजविणारा गवई दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संमेलनात टिकेल काय, हा प्रश्न आम्हा ग्वाल्हेरकरांना नवा नाही. दरबारी गाण्याची परंपरा असलेल्या आमच्या घरात तर त्यावर रात्र रात्र वाद चालत. हाच प्रश्न इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मॅथ्यू ल टिसिए या खेळाडूविषयी विचारला गेला. त्याचा एकमताने निकाल अजूनही लागलेला नाही.

ग्वेर्नसे बेटावर 1968 मध्ये जन्मलेला हा गडी 1986 ते 2002 अशी 16 वर्षे साउदम्प्टन या बंदराच्या शहरातील एकाच क्लबातून खेळला. मोठ्या क्लबांचा मोह त्याने आवरला. 540 सामने, 209 गोल, आणि 48 पेनल्टींपैकी 47 सफल, असा त्याचा हिशेब आहे. प्रीमियर लीगमध्ये 100 गोल पुरे करणारा मधल्या फळीतील पहिला खेळाडू तोच. 1993-94 च्या हंगामात त्याने लीगमध्ये 25 गोल केले आणि संघ अवघ्या एका गुणाने खालच्या श्रेणीत जाता जाता वाचला. तेथील प्रेक्षक त्याला देव म्हणत, ते उगीच नव्हे.

त्याच हंगामात न्यूकॅसलविरुद्ध केलेला त्याचा गोल पाहावा. मागे पडलेला चेंडू टाचेने पुढे घेतला, एकाला बगल दिली, दुसऱ्याच्या डोक्यावरून तो अलगद उचलला आणि शांतपणे जाळ्यात सारला. कोठे घाई नाही, की धसमुसळेपणा नाही. विलंबित लयीत रमणाऱ्या गवयाने सम गाठावी, तसे ते वाटते.

परंतु 1994 ते 1997 या काळात राष्ट्रीय संघातून त्याला सामने मिळाले केवळ 8, आणि त्यांत गोल एकही नाही. येथेच विरोधकांचे बोट असते. ते म्हणतात, हा धावत नाही; क्लबात सारा संघ त्याच्याभोवती रचलेला, देशाच्या संघात एवढी सवड कोण देणार? हा आक्षेप खोटा नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यात चेंडू गमावला की तो परत मिळविताना दमछाक होते, आणि त्या कष्टात वाटा न उचलणारा गडी इतरांना भार होतो.

तथापि त्या 8 सामन्यांचा तपशील पाहावा. आरंभापासून तो उतरला तो फक्त 3 सामन्यांत. त्यांतला 1995 चा डब्लिनचा सामना प्रेक्षकांच्या दंगलीमुळे 27 मिनिटांतच बंद पडला. बाकी वेळा तो बदली खेळाडू. आलाप सुरू होताच तंबोरे उचलावेत, आणि मग गवई रंगला नाही म्हणावे, असा हा न्याय झाला.

पुढे 1998 च्या एप्रिलमध्ये ‘ब’ संघातून रशियाच्या ‘ब’ संघाविरुद्ध त्याने 3 गोल केले. तरीही त्या वर्षीच्या विश्वचषकासाठी त्याचे नाव आले नाही. प्रशिक्षक होते ग्लेन हॉडल. हॉडल हे ल टिसिएचे बालपणापासूनचे दैवत! आणि त्यांच्याही खेळाडूपणाच्या काळात, ‘एवढा कलावान, पण देशाने त्याच्याभोवती संघ बांधला नाही’ अशी हळहळ रसिक करीत.

आमच्या मते ल टिसिएच्या अंगी पात्रता होती. नव्हती ती त्याच्यासाठी जागा. गायन शिकविताना आम्हास पदोपदी हे दिसते की, एकट्याने उत्तम गाणारा विद्यार्थी समूहगानात घ्यायचा, तर आधी ठरवावे लागते: चाल त्याच्या गळ्याला बसती करायची की त्याला वगळायचे? दोन्ही निर्णय प्रामाणिक ठरतील. घ्यायचे, पण गाऊ द्यायचे नाही, हा तिसरा मार्ग मात्र कलावंताचे आणि समूहाचेही नुकसान करतो. इंग्लंडने नेमका तोच धरला. म्हणून ते 8 सामने त्या खेळाडूच्या मर्यादांचा पुरावा मानण्याआधी निवडणाऱ्यांच्या दुविधेचा पुरावा मानावेत, हे रास्त.