कादंबरीचं पहिलं पान का अडतं?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचं नेट बरोब्बर मधेच गेलं, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना इकडचं तिकडे झालेलं जरा आवरून घेतलंय.

विषय असा: कादंबरी डोक्यात आहे, पात्रं आहेत, काहींना तर शेवटही माहितीये. पण पहिलं पान काही होत नाही. फोनच्या नोट्समध्ये ‘कादंबरी १’, ‘कादंबरी नवीन’, ‘कादंबरी फायनल’ अशी नावं, आणि प्रत्येकीत चार-चार ओळी. पहिल्या पानाशी अडून अख्खी गोष्ट मरते, आणि आपण ठरवून टाकतो की आपल्याला लिहिताच येत नाही. हे दुसरं नुकसान जास्त मोठं.

ग्राँचं वाक्य

आल्बेर काम्यूच्या ‘द प्लेग’ (१९४७) या कादंबरीत जोसेफ ग्राँ नावाचा एक कारकून आहे. शहरात साथ पसरलीये, आणि हा माणूस रोज रात्री आपल्या कादंबरीचं पहिलं वाक्य घासत बसतो. मे महिन्यातली सकाळ, घोड्यावरून जाणारी एक स्त्री, एवढंच ते वाक्य. घोडीला कोणतं विशेषण शोभेल, यावर त्याचे आठवडे जातात. कागदांचा गठ्ठा वाढत जातो, पण त्यात बहुतेक तेच वाक्य, पुन्हा पुन्हा.

ग्राँवर हसू येतं, पण आपण तेच करतो ना? ‘पाऊस पडत होता’, मग ‘मुसळधार पाऊस कोसळत होता’, मग पाऊसच काढून टाकतो. शब्द बदलत राहतो, कारण ते सोपं असतं. खरी अडचण शब्दांच्या मागे असते. तीन गोष्टी ठरलेल्या नसतात, म्हणून कुठलंच वाक्य बरोबर वाटत नाही.

पहिली: कोण सांगतंय?

भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ (१९६३) घ्या. पांडुरंग सांगवीकर स्वतःचं नाव सांगतो, वय सांगतो आणि बोलायला लागतो. सुरुवातीला धक्का नाही की निसर्गवर्णन नाही. तरी आपण ऐकत राहतो, कारण बोलणारा माणूस सापडलेला आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) मध्ये कर्ण स्वतः बोलतो, मग कुंती, दुर्योधन, वृषाली असे आवाज येत जातात. महाभारताची गोष्ट सगळ्यांना माहीत होतीच. ती कुणाच्या तोंडून ऐकायची, हे नवीन होतं.

दुसरी: कुठल्या दिवसापासून?

टॉलस्टॉयला एका क्रांतिकारकावर लिहायचं होतं, जो शिक्षा भोगून १८५६ मध्ये सायबेरियातून घरी परततो. पण हा माणूस समजायचा तर १८२५ चं बंड हवं. बंड समजायचं तर त्याचं तरुणपण, म्हणजे १८१२ चं युद्ध हवं. असं मागे जात जात ‘वॉर अँड पीस’ सुरू झाली १८०५ पासून. मूळ कल्पनेच्या तब्बल ५१ वर्षं आधी! सुरुवातीचे कितीतरी खर्डे त्याने टाकून दिले. हे खर्डे लिहितानाच गोष्ट नेमकी कुठून निघते ते त्याला कळत गेलं.

तिसरी: वाचकाला आधी काय माहीत हवं?

आपल्याला वाटतं, सगळंच. हेमिंग्वेच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ (१९२६) च्या हस्तलिखितात सुरुवातीला पात्रांची भरपूर ओळख करून दिली होती. मित्र स्कॉट फिट्झजेराल्डने वाचून स्पष्ट सांगितलं की हा भाग ढिला आहे. हेमिंग्वेने सुरुवातीची पानंच्या पानं उडवली. ती पानं वाया गेली का? माझ्या मते नाही. पात्रं कोण आहेत हे लेखकाला कळायला ती लागली, वाचकाला नाही.

आपल्या गोष्टीवर लावून बघू

समजा, गोष्ट अशी: विहिरीच्या पाण्यावरून दोन भाऊ बोलेनासे होतात. आजोबांनी विहीर कधी खणली, तिथून सुरू केलं तर भांडण चाळिसाव्या पानावर येणार. आता वेगळं ठरवा. सांगणार थोरल्याची बायको. दिवस सासूच्या तेराव्याचा. दोघे भाऊ पंगतीत शेजारी बसलेत, आणि वाढताना तिच्या लक्षात येतं की दोघांनी एकमेकांकडे एकदाही बघितलेलं नाही. विहीर अजून आलेलीच नाही, पण वाचक थांबेल. आणि पहिलं वाक्य? ती वहिनी जे बोलेल ते.

म्हणून या आठवड्यात वाक्य सुचायची वाट बघू नका. कोण, केव्हा, किती, या तिघांची उत्तरं प्रत्येकी एका ओळीत लिहा. मग कामचलाऊ सुरुवात करा आणि पुढे जा. वर चक्क ‘तात्पुरती’ असं लिहून ठेवा. जो प्रसंग डोळ्यांसमोर स्वच्छ दिसतोय तो आधी लिहिला तरी चालेल. शेवट लिहून झाला की पहिल्या पानाकडे परत या.

आता कुणी म्हणेल, गार्सिया मार्केझ तर पहिल्या परिच्छेदावर महिनोन्महिने घालवायचा! बरोबर, त्याने मुलाखतीत तसं सांगितलंय. पण त्याचं म्हणणं असं की विषय, शैली, सूर हे सगळे प्रश्न तिथेच सुटतात, आणि मग पुढचं सोपं जातं. म्हणजे तो परिच्छेद घासत असला, तरी ठरवत होता संपूर्ण पुस्तक. तुमचे महिने त्यात जात असतील तर जाऊ द्या. घोडीच्या विशेषणात जात असतील, तर थांबा.

आणि ग्राँचं काय झालं? तो आजारी पडतो, सगळे कागद जाळायला लावतो, आणि चक्क वाचतो. नंतर तेच वाक्य पुन्हा लिहायला घेतो. या वेळी सगळी विशेषणं काढून टाकून.

चला, तुमच्या तीन ओळी लिहून काढा. पुढच्या भागात संवादांबद्दल बोलू. तोपर्यंत, लिहीत राहा!