वॉशिंग्टनचे दात, लिंकनची दाढी

सहा वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनला छोटी कुऱ्हाड मिळते, तो ती वडिलांच्या लाडक्या चेरीच्या झाडावर चालवून बघतो आणि वडिलांनी विचारताच खरं काय ते कबूल करतो. ही गोष्ट आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पण तिला आधार काहीच नाही. मेसन वीम्स नावाच्या पाद्र्याने, जो पुस्तकंही विकत हिंडायचा, १८०० साली वॉशिंग्टनचं चरित्र काढलं. वॉशिंग्टनला जाऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. चेरीचं झाड मात्र त्यात उगवलं ते १८०६च्या पाचव्या आवृत्तीत! खरेपणाचा धडा खोट्या गोष्टीतून दिला, हा विनोद अमेरिकेत आता शिळा झाला आहे. तरी गोष्ट काही मरत नाही.

अमेरिकन मुलांना जुने राष्ट्राध्यक्ष लहानपणापासूनच भेटतात. नाण्यांवर ते, नोटांवर ते, शाळांच्या नावांत ते. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी त्यांच्यासाठी सुट्टी असते. लोक तिला राष्ट्राध्यक्ष दिन म्हणतात, पण केंद्र सरकारच्या कायद्यात ती अजून वॉशिंग्टनचा वाढदिवस याच नावाने आहे. त्या सुमारास बालवर्गात लिंकनच्या उंच टोप्या कातरल्या जातात. इथवर सगळं सोपं असतं. अडचण सुरू होते ती मुलं प्रश्न विचारू लागली की.

वॉशिंग्टनचे दात खरंच लाकडी होते का, हा त्यांतला नेहमीचा प्रश्न. नव्हते. १७८९मध्ये पदाची शपथ घेताना त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याची एक कवळी माउंट व्हर्नन या त्याच्या घरी जपून ठेवली आहे. तिच्यात शिसं आहे, हस्तिदंत आहे, जनावरांचे दात आहेत आणि माणसांचेही आहेत. माणसांचे म्हणजे कुणाचे? १७८४च्या हिशेबवहीत नऊ दातांपोटी १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे आणि ते घेणारे होते काळे गुलाम. तेच दात त्याच्या कवळीत बसले की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. पण गमतीच्या प्रश्नावरून मूल थेट गुलामगिरीच्या दारात येऊन उभं राहतं. वॉशिंग्टन वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ माणसं गुलामीत होती. त्यांपैकी १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीची होती. पत्नीच्या पश्चात त्यांना मुक्त करावं असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं, हेही मुलांना सांगायलाच हवं.

यातला अवघड भाग गोड करून वाढला तर काय होतं, हे २०१६ साली दिसलं. स्कॉलस्टिक या प्रकाशनसंस्थेने वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या केकवर एक चित्रपुस्तक काढलं. केक करणारा हर्क्युलिस हा वॉशिंग्टनचा गुलाम स्वयंपाकी, आणि चित्रांत तो हसतमुख, खूश. टीकेची झोड उठली आणि त्याच महिन्यात प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. खरा हर्क्युलिस वॉशिंग्टनच्या ६५व्या वाढदिवशी, २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, माउंट व्हर्ननहून पळून गेला होता. पुढे फ्रान्सचा राजा झालेला लुई फिलिप त्या वसंतात तिथे पाहुणा होता. त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या छोट्या मुलीला विचारलं, बाबा आता भेटणार नाहीत, वाईट वाटत असेल ना? मुलगी म्हणाली की तिला आनंदच झालाय, कारण तिचे बाबा आता मोकळे आहेत. लुई फिलिपच्या रोजनिशीत हे नोंदलेलं आहे. आठ वर्षांच्या वाचकाला गुलामगिरी समजवायला याहून वेगळं काय लागतं!

लिंकनच्या बाबतीत तर गोष्टी रचायची गरजच पडू नये. १५ ऑक्टोबर १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्डहून अकरा वर्षांच्या ग्रेस बेडेलने त्याला लिहिलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा. बायकांना दाढी आवडते, त्या नवऱ्यांच्या मागे लागून तुम्हाला मतं मिळवून देतील. चार दिवसांत लिंकनचं उत्तर निघालं: इतकी वर्षं दाढी नव्हती, आता ठेवली तर लोकांना तो पोरकट नखरा नाही का वाटणार? तरी त्याने ती राखली आणि पुढच्या फेब्रुवारीत आगगाडी वेस्टफील्डला थांबली तेव्हा त्या मुलीला बोलावून घेतलं. दोन्ही पत्रं उपलब्ध आहेत आणि अमेरिकन वर्गांत वाचली जातात. बायकांनी नवऱ्यांच्या मागे कशाला लागायचं, स्वतःच मत का द्यायचं नाही, असं एखादी मुलगी विचारतेच. मग शिक्षकाला १९२०पर्यंतचा, म्हणजे बायकांना मतदानाचा हक्क मिळेपर्यंतचा, इतिहास सांगावा लागतो.

महाराष्ट्रात मात्र लिंकन म्हटलं की आठवतं ते दुसरंच पत्र, मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं. वसंत बापटांच्या मराठीतलं ते पत्र कितीतरी शाळांच्या भिंतींवर फ्रेममध्ये आहे. ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा नाही. मूळ प्रत कुणी पाहिलेली नाही, लिंकनच्या संकलित लेखनातही ते नाही. बापटांची भाषा इतकी सुरेख आहे की फ्रेम काढा म्हणवत नाही. खालचं लिंकनचं नाव तेवढं काढावं.

अमेरिकेत आता मूळ कागद मुलांच्याच हाती देण्याकडे कल वाढतो आहे. मिझुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमनचं ग्रंथालय आहे. तिथल्या एका खेळात शाळकरी मुलांपैकी कुणी ट्रूमन होतं, कुणी मंत्री, कुणी लष्करी सल्लागार. प्रत्येकाला त्या काळातले, एकेकाळी गुप्त असलेले कागद वाचायला मिळतात. १९४८मध्ये सोव्हिएत रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली आहे. शहर सोडायचं, लढायचं, की विमानांनी कोळसा आणि धान्य पोचवायचं? १९५०मध्ये उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं आहे, आता काय? मुलं भांडतात, कागद उलटेपालटे करतात. मग ट्रूमन झालेल्या मुलाला निर्णय जाहीर करावा लागतो, आणि तो खऱ्या ट्रूमनसारखाच असला पाहिजे अशी सक्ती नसते.